तड्यावरची काच

मी तड्यावरची काच बोलतेय. तुम्ही घाबरू नका. घाबरायचं काम माझ्याकडे आहे.

खिडकीची काच वेगळी, चष्म्याची वेगळी आणि आरशाची तर तोऱ्यातच वेगळी. त्या सगळ्यांना माणसं जपायला आणतात. मला आणलं तुटायला. भिंतीला तडा गेला की तो वाढतोय की जागच्या जागी पडून आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तड्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे पांढऱ्या प्लास्टरचे दोन गोळे थापतात आणि त्यांत माझ्यासारख्या पातळ पट्टीची दोन टोकं रोवतात. भिंत केसभर सरकली तरी पट्टी तुटते. पट्टी शाबूत, तर भिंत जागेवर. पट्टी तुटली, तर बाहेर पळा. एवढीच आमची नोकरी. तिच्यात बढती नाही आणि निवृत्ती कशी मिळते ते वर सांगितलंच.

आम्हाला एकच शब्द बोलता येतो आणि तोही एकदाच. ‘टच्’. मग आज मी एवढी बडबड कशी करतेय, असं तुम्ही विचाराल. मला तो एक शब्द बोलू दिला नाही. तो पोटात राहिला आणि त्याचीच ही एवढी बडबड झाली.

माझा जन्म एका काचवाल्याच्या दुकानात झाला. दुकानाच्या कोपऱ्यात एका जुन्या तसबिरीच्या पातळ काचेचा तुकडा बरेच दिवस भिंतीला टेकून उभा होता. त्या तुकड्यात मी होते, पण मी कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे मला ठाऊक नव्हतं. एके दिवशी डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनिअर दुकानात आला.

"पातळ पट्ट्या हव्यात. बोटाएवढ्या रुंद, वीतभर लांब."

"फोटोला लावायच्या की कपाटाला?"

"भिंतीला. तुटायला."

काचवाल्याने हातातला चहा खाली ठेवला. "साहेब, एवढी वर्षं धंदा करतोय. तुटायला म्हणून काच मी कधी विकली नाही. ती आपली आपण तुटते."

मग त्याने काच कापायची हिऱ्याची कलम काढली. कर्र करत ती माझ्या अंगावरून गेली आणि त्याने दोन बोटांनी मला मोडून वेगळं केलं. पहिल्यांदा घाबरले ती तेव्हा. बाजूला माझ्या बहिणी पडल्या होत्या, सगळ्या एकाच चेहऱ्याच्या. त्याने आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळलं. कागदावर कुठल्याशा बंगल्याच्या विक्रीची जाहिरात होती आणि तिच्यात भिंतींचं वर्णन ‘भक्कम’ असं होतं.

आम्हाला का आणलं, ते गाडीतच कळलं. महामार्गावर उड्डाणपूल बांधायचा होता. दिवसा महामार्ग अडवला तर सगळं शहर खोळंबतं, म्हणून जुना काँक्रीटचा थर फोडायचं काम रात्री करायचं होतं. त्या कामाला एक मोठं यंत्र होतं. लोखंडी दांडा उचलायचं आणि आपटायचं, उचलायचं आणि आपटायचं. आसपासच्या गल्लीत त्याला ‘दणक्या’ म्हणत. रात्री दणक्या चालवायचा तर परवानगी लागते, कारण रात्री माणसं झोपतात अशी परवानगी कार्यालयाची माहिती आहे. दिवसाच्या झोपेबद्दल त्या कार्यालयात जास्त अनुभव असला, तरी नियम रात्रीपुरताच.

परवानगीच्या अटी अशा होत्या : जवळच्या घरांच्या खिडकीत आवाज मोजायचा, ज्या भिंतींना तडे आहेत तिथे काचेच्या पट्ट्या लावायच्या, आणि शेवटी परवानगी देणाऱ्या मॅडमसमोर दणक्या दिवसाउजेडी चालवून दाखवायचा. पट्ट्या शाबूत राहिल्या तर सही. अर्ज झाला होता, शिक्के झाले होते, रहिवाशांचे सहकार्याबद्दल आभारसुद्धा मानून झाले होते. सहकार्य तेवढं बाकी होतं.

मला मिळालं गल्लीच्या टोकाचं घर. महामार्गाला सगळ्यात जवळचं. पूर्वी त्याला अंगण होतं; रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेलं. पुढच्या वेळी पायऱ्या गेल्या. आता दार उघडलं की पत्र्याचं कुंपण आणि कुंपणापलीकडे चाकं. घरात चार माणसं होती. आजी, तिचा मुलगा, सून आणि नात. मुलगा माल पोचवायची व्हॅन चालवायचा. सून बेकरीत होती, पहाटे जायची. नातीला सगळे मुंगी म्हणत. ती शाळेत जायला लागली होती, पण शाळेवर तिचा अजून विश्वास बसला नव्हता.

मागच्या खोलीत मुंगीचा पलंग होता आणि पलंगामागच्या भिंतीला तडा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला, हिरव्या ऑइलपेंटवरून तिरपा खाली उतरत उशीच्या मागे दिसेनासा झालेला. मुंगीने त्याच्या वरच्या टोकाला पेन्सिलीने दोन डोळे काढले होते. घरातले त्याला साप म्हणत. सवय झाली की माणसं सापाखालीसुद्धा मूल झोपवतात, हे मी त्या घरात पाहिलं.

इंजिनिअर आला तो हेल्मेट घालून आणि चिखलाचे बूट घालून. आजीने दारातच हात आडवा केला.

"बूट बाहेर."

त्याने बूट काढले. हेल्मेट मात्र डोक्यावरच.

"छत पडणार आहे का आमचं?"

"नाही आजी. नियम आहे."

गवंडी पलंग ओढून भिंतीशी बसला. त्याने तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडला, प्लास्टरचे गोळे थापले आणि माझी दोन टोकं त्यांत दाबली. प्लास्टर आवळत गेलं तसं दोन्ही पाय कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं. खाली काळोखी भेग होती. मी तिच्यावर आडवी, ओढ्यावरच्या फळीसारखी. आत पाहायचं नाही असं ठरवलं, पण मी काच. मला पापण्या नाहीत.

"हे काय लावलंत?" आजीने विचारलं.

"साक्षीदार आहे, आजी."

"कसला?"

"भिंत हलत नाही याचा."

"आणि हलली तर?"

"हलणार नाही हो. म्हणून तर लावतोय."

ज्या गोष्टीची पक्की खात्री आहे तिलाच साक्षीदार नेमायचा, ही माणसांची पद्धत मला तेव्हा नवीन होती.

रोज पाहणी करायची असा नियम होता आणि इंजिनिअर रोज यायचा. पण रोज बूट काढायचे, चिखलाच्या नाड्या सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या, याचा त्याला लवकरच कंटाळा आला. मग तो उंबऱ्यावरूनच मान लांब करून बघू लागला. "शाबूत आहे ना, आजी?" "आहे बाबा." आणि तो पुढच्या घरी. त्याची नजर माझ्यापर्यंत यायची ती पुढची खोली, मधलं दार आणि वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी ओलांडून. तेवढ्या लांबून तुटलेली काचही शाबूत दिसते.

खरी भीती घरात आणली ती शेजारच्या मास्तरांनी. निवृत्त शिक्षक. त्यांच्याही भिंतीवर माझी एक बहीण लावली होती. ते चहाला आले, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "वहिनी, नीट ध्यानात घ्या. पट्टी तुटली की घर धोकादायक. घर धोकादायक की दारावर लाल फुली. फुली पडली की सामान बाहेर आणि माणसं बाहेर."

"कुठे बाहेर?"

"ते ते सांगत नाहीत. फक्त बाहेर."

मास्तर चहा पिऊन गेले. आजी तिथेच पलंगावर बसून राहिली. त्या दिवसापासून मला या घरात दोन प्रकारची माणसं दिसू लागली. मी तुटावं असं वाटणारी आणि मी तुटू नये असं वाटणारी. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी आजीच्या बाजूची होते.

मुलगा जाता-येता मला नखाने टिचकी मारायचा. "तुट की बाई. तू तुटलीस की त्यांची परवानगी बोंबलली."

प्रत्येक टिचकीला माझा जीव टोकांत जायचा.

"हात लावू नकोस तिला," आजी म्हणायची.

"आई, रात्रभर दणक्या चालणार आहे. तुला झोप येईल?"

"मला तशीही येत नाही."

"मला येते," सून म्हणाली. "आणि मला यायलाच हवी. पहाटे भट्टीसमोर उभी राहते मी. डोळा लागला तर पावाऐवजी मीच भाजून निघेन."

"मग मीच फोडून टाकतो ही पट्टी."

"लगेच ओळखतील. हाताने फोडलेली काच वेगळी दिसते, मास्तर म्हणत होते."

"मास्तरांनी काचेतही डिप्लोमा केलाय?"

सगळे हसले. आजी हसली नाही. ती म्हणाली, "आणि लाल फुली मारली तर जायचं कुठे? जावेकडे? तिच्या घरी कपाला हात लावायच्या आधी विचारावं लागतं. आणि विचारलं की म्हणते, अगं विचारतेस काय. तरी पुढच्या वेळी विचारायचंच." मग थोड्या वेळाने, कुणाकडेच न बघता, "अंगण गेलं, पायऱ्या गेल्या. आता घराला एवढी एक काच राखून आहे."

माझ्यावर एवढा भार टाकणारं वाक्य कुणी बोलू नये. मी मिलिमीटरभर जाडीची.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आजी स्वयंपाकघरातून पावाला लोणी लावायची बोथट सुरी घेऊन आली, पलंगावर चढली आणि चष्मा नाकावर ओढून माझ्यापाशी वाकली.

"घाबरू नकोस गं. तुझ्या भल्यासाठीच करतेय."

माणसं असं म्हणतात तेव्हाच खरं घाबरायचं असतं. पण मी कुठे जाणार?

तिने माझ्या डाव्या टोकाचं प्लास्टर सुरीने हळूहळू खरवडलं. कण पलंगावर पडत होते. ते तिने पदरात गोळा केले. आता माझा उजवा पाय तेवढा रोवलेला आणि डावा हवेत. मग तिने पदराच्या गाठीतून मुंगीच्या खेळण्यातली मऊ पांढरी माती काढली. ती कधी वाळत नाही आणि कधी कडक होत नाही. तिचा गोळा करून तिने तो माझ्या टोकाखाली आणि टोकावर दाबला, वरून थोडं पीठ भुरभुरलं. उंबऱ्यावरून बघणाऱ्याला दोन्ही गोळे सारखेच दिसले असते.

"झालं," ती म्हणाली. "आता भिंत काय वाटेल ते करू दे. तू नाही तुटायची."

खरं सांगते, मला आनंद झाला. जन्मल्यापासून पहिल्यांदा अंग सैल सोडलं. आता माझ्यावर काही येणार नव्हतं. त्या दिवशी मुलाने टिचकी मारली तर मी नुसती डुलले.

संध्याकाळी मुंगी मातीच्या मेंढ्या करायला बसली.

"आजी, माझी पांढरी माती कुठे गेली?"

"मांजराने नेली."

"मांजर मातीचं काय करेल?"

"उंदीर करेल."

मुंगीने बराच वेळ विचार केला आणि मेंढी करड्या मातीची केली. ती तिने उशाशी ठेवली, माझ्या बरोबर खाली.

माझा आनंद फार टिकला नाही. दिवसभर महामार्गावरून ट्रक जायचे, क्रेन जायच्या, कुंपणाआड लोखंड उतरायचं. प्रत्येक वेळी खालची भिंत अंग चोरून हलायची. पूर्वी ते हलणं दोन्ही पायांतून माझ्या पोटात यायचं. आता डाव्या बाजूला माती मऊपणे सरकायची आणि मला काहीच व्हायचं नाही. तडा माझ्या पाठीमागे उघडत होता. तो पूर्वी नखाच्या कडेएवढा होता. आता त्यातून वारा लागायचा. एक दिवस त्यातून खडीचा दाणा निघाला आणि मेंढीच्या पाठीवर पडला.

तेव्हा मला कळलं की माझी भीती चुकीच्या जागी होती. इतके दिवस मी तुटायला घाबरत होते. आता मी तुटूच शकत नाही, याने माझा थरकाप झाला. उशीवर डोकं ठेवून एक पोर झोपतंय, तिच्यावरची भिंत सरकतेय, घरात हे फक्त मला माहीत आहे, आणि माझा एकुलता एक शब्द पांढऱ्या मातीत रुतून बसलाय. दारावरून रोज प्रश्न यायचा, "शाबूत आहे ना, आजी?" आणि उत्तर जायचं, "आहे बाबा." आणि ते खरं होतं, हेच सगळ्यात भयंकर होतं.

चाचणीचा दिवस उजाडला. परवानगीच्या मॅडम आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, थकल्या डोळ्यांच्या. त्यांनी न सांगता चपला काढल्या, म्हणून आजीला त्या लगेच आवडल्या. खिडकीत त्यांनी आवाज मोजायचं यंत्र ठेवलं. काळं, डोक्यावर स्पंजचा गोळा. ते सारखे आकडे दाखवायचं. मला त्याचा हेवा वाटला. त्याला हवे तितके शब्द होते. त्यातला एकही कुणी ऐकत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

मुंगीला मास्तरांच्या बायकोकडे पाठवलं होतं. मुलगा आणि सून कामावर न जाता दाराशी उभे होते. मास्तर बोलावलं नसताना आले होते. इंजिनिअरच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. "हो साहेब. आज होईल, साहेब. सही आजच." तोही झोपलेला दिसत नव्हता. रात्रीच्या कामाची परवानगी मिळवण्यात त्याच्या रात्री गेल्या असाव्यात.

त्याने खिडकीतून हात केला आणि कुंपणाआड दणक्या सुरू झाला.

पहिला ठोका पडला आणि कपाटातले कप एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला खिडकीचं तावदान झिणझिणलं. मग ठोके मोजता येईनात. भिंत आता अंग चोरत नव्हती. ती उघड-उघड थरथरत होती. माझा उजवा पाय ओढला जात होता, डाव्या बाजूची माती ताणून दोऱ्यासारखी झाली होती. मला वाटत होतं, आता सुटेल. आता कुणीतरी बघेल. आजी भिंतीला तळवा लावून उभी होती. तिने बघितलं. पण तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या मागे तडा होता. त्यात आता तिची करंगळी गेली असती.

इंजिनिअरने हात वर केला. दणक्या थांबला.

"पट्टी शाबूत, मॅडम," तो उंबऱ्यावरून म्हणाला. त्याचे बूट सवयीने बाहेर होते आणि तो सवयीने उंबऱ्यावर.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"लिहू नका," आजी म्हणाली.

"काय झालं?"

"काच खरी आहे. बसवलीय ती खोटी." तिने नखाने मातीचा गोळा ओढला. तो लोण्यासारखा निघून आला. मी एका पायावर लोंबकळले. "ही नातीची खेळायची माती आहे. मी लावली."

"आई!" मुलगा ओरडला.

"ओरडू नकोस. तू टिचक्या मारत होतास तेव्हा ओरडले का मी?"

सून पलंगाकडे बघत होती, मग तड्याकडे, मग पुन्हा पलंगाकडे. "आई, मुंगी इथे झोपते हो."

"माहीत आहे गं. म्हणून तर बोलले." आजी मटकन पलंगावर बसली. "मला वाटलं, काच वाचली की घर वाचेल."

इंजिनिअरचा चेहरा हेल्मेटखाली पांढरा पडला. "आजी, हे सरकारी कामात अडथळा आणणं झालं. मॅडम, आमची काही चूक नाही, आम्ही रोज पाहणी केलीय."

"रोज?" मॅडम म्हणाल्या. "कुठून?"

तो पायांकडे बघू लागला. पायमोज्याला भोक होतं.

"दुसरी पट्टी आहे?"

होती. माझी बहीण. गवंड्याने मला भिंतीवरून सोडवलं आणि खिडकीत त्या काळ्या यंत्राशेजारी ठेवलं. नवे गोळे थापले, बहिणीची दोन्ही टोकं घट्ट रोवली. प्लास्टर आवळेपर्यंत सुनेने चहा केला. मास्तरांनीसुद्धा बशीचा आवाज होऊ दिला नाही. बहीण माझ्याकडे बघत होती. तिला काय सांगणार? हिंमत ठेव म्हणू की ठेवू नकोस म्हणू?

दणक्या पुन्हा सुरू झाला.

टच्.

एवढ्या गदारोळात तो आवाज ऐकू यायला नको होता. पण खोलीतल्या प्रत्येकाने तो ऐकला. बहिणीच्या मधोमध बारीक रेघ पडली आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब झाले.

"बंद करा!" मॅडम ओरडल्या.

इंजिनिअरने खिडकीतून दोन्ही हात हलवले. पण दणक्या चालवणाऱ्याच्या कानांवर जाड टोप्या होत्या आणि त्याची नजर दांड्यावर. मघाशी तो खिडकीकडे बघून थांबला होता. आता अजून थांबायची वेळ झाली नाही असं समजून तो मन लावून काम करत होता. आवाजाची परवानगी मागणाऱ्यांचा आवाज त्या आवाजात कुणाला ऐकू जाईना. इंजिनिअर ‘थांब, थांब’ म्हणत होता, फोनवर त्याचे साहेब ‘झालं का, झालं का’ म्हणत होते. सापाच्या डोळ्यांपाशी रंगाचा पोपडा फुगला. वरून पांढरी भुकटी पडू लागली. सुनेने आजीला बखोटीला धरून पलंगावरून ओढलं. मुलाने पलंगावरची चादर खसकन काढली आणि अनवाणी पळत सुटला. पत्रा वाकवून तो कुंपणात शिरला आणि दणक्याच्या पुढ्यात उभा राहून फुलाफुलांची चादर दोन्ही हातांनी फडकवू लागला.

दणक्या थांबला.

त्या शांततेत भिंतीने उशिराने एक सुस्कारा सोडला आणि गिलाव्याचा मोठा तुकडा उशीवर पडला. बरोबर मधोमध, जिथे डोकं टेकल्याने उशीला खळगा पडला होता.

सुनेने तो तुकडा उचलायचा प्रयत्न केला, तो तिच्याने उचलेना. ती भिंतीपासून लांब जाऊन खाली बसली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"माझी पट्टी बघून येतो," म्हणत मास्तर घराकडे जवळजवळ धावले.

मॅडमनी लिहिलं. या घरांपाशी हे यंत्र रात्री नाही आणि दिवसाही नाही. भिंतीला आजच टेकू द्यायचा, कंपनीने ती बांधून द्यायची, तोवर घरात कुणी राहायचं नाही. मग त्यांनी टोपण लावलं आणि आजीला विचारलं, "कुठे जाल?"

"जावेकडे."

"जमेल?"

"जमवेन. काच तुटायची राहिली असती तर याहून लांब जावं लागलं असतं."

लाल फुली कुणी मारली नाही. तशी पद्धतच नव्हती. ती मास्तरांनी वर्गात शिकवलेली होती.

सामान व्हॅनमध्ये चढलं. आजी शेवटची निघाली. तिने खिडकीतून मला उचललं आणि चष्म्याच्या घरात घातलं. चष्मा तिच्या नाकावर होता.

आता मी जावेच्या घरात, खिडकीच्या फळीवर असते. माझ्या उजव्या टोकाला जुन्या प्लास्टरचा गोळा अजून आहे. डावं टोक मोकळं. मुंगीने आपली पांढरी माती परत घेतली; तिची मेंढी आता अर्धी करडी आणि अर्धी पांढरी आहे. आजी अजून कपाला हात लावायच्या आधी विचारते. जाऊ म्हणते, "अगं विचारतेस काय." बाहेरून बस गेली की आजी उठून भिंतीला तळवा लावते. जाऊ पहिल्यांदा हसली होती. परवा बस गेली तेव्हा आजी उठायच्या आधीच जावेचा हात भिंतीवर होता.

मध्ये इंजिनिअर येऊन गेला. बूट काढले, उंबरा ओलांडला आणि पहिल्यांदाच हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. त्याला टक्कल पडायला लागलंय. नव्या यंत्राचा नवा अर्ज केलाय म्हणाला. ते आपटत नाही, कापतं. भिंत बांधून होतेय. तिच्यावर पुन्हा पट्टी लावावी लागेल.

"लावताना मी तिथे असेन," आजी म्हणाली. "आणि रोज आत येऊन बघायचं. बुटांसकट आलास तरी चालेल."

त्याने जाताना मला उचलून उजेडात धरलं. "ही अजून चांगली आहे. हीच लावू?"

माझं सगळं अंग गार पडलं. आजीने मला त्याच्या हातातून काढून घेतलं, मग थोडा वेळ हातातच ठेवलं. "विचार करते," ती म्हणाली.

तिचा विचार अजून झालेला नाही. मला भीती वाटते का? वाटते. काळोखी भेग, ठोके, आणि सगळ्यांच्या नजरा. पण फळीवर पडून राहायचीही आता भीती वाटते. जाऊ रोज म्हणते, हा तुकडा कुणाच्या तरी पायात जाईल.

म्हणून तुम्हाला एक सांगून ठेवते. तुमच्या भिंतीवर कधी माझ्यासारखी कुणी लावली तर तिला पुसा, तिच्याकडे बघा, वाटलं तर तिला घाबरा. तिच्यावर टिचक्या मारू नका आणि तिची दयाही करू नका. फक्त तिचे दोन्ही पाय घट्ट राहू द्या. तिच्याकडे एकच शब्द असतो आणि तो तुमच्यासाठीच राखलेला असतो.